पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं रक्षण: ब्रीदर, एअर सेल की नायट्रोजन?

ट्रान्सफॉर्मरच्या टेंडरमध्ये एमव्हीए, इम्पिडन्स, लॉसेस यांवर पानंच्या पानं लिहिलेली असतात. तेल हवेपासून कसं वाचवायचं, या रकान्यात मात्र बहुतेक वेळा 'मागील ऑर्डरप्रमाणे' एवढीच ओळ सापडते. हे आम्हाला खटकतं. तेल खराब झालं तर फिल्टर करता येतं, अगदीच गेलं तर बदलताही येतं. वाइंडिंगवरचा (तारेच्या वेटोळ्यांवरचा) इन्सुलेशनचा कागद जागेवर बदलता येत नाही. नव्या कागदाचा डीपी (कागदाच्या रेणूंच्या साखळीची लांबी सांगणारा आकडा) हजाराच्या आसपास असतो आणि तो २००पर्यंत उतरला की कागदात ताकद उरत नाही. पुढचा एखादा मोठा शॉर्टसर्किट तो सोसेलच असं नाही. कागदाला खाणाऱ्या गोष्टी तीन: उष्णता, पाणी आणि ऑक्सिजन. उष्णतेचं कूलिंग बघतं. उरलेल्या दोन बाहेरच्या हवेतून येतात, आणि त्या अडवायला बाजारात जे पर्याय मिळतात त्यांचं हे परीक्षण आहे. डोळ्यांपुढे आहेत ३३ केव्ही उपकेंद्रातल्या ५ एमव्हीएपासून २२० केव्हीपर्यंतचे ट्रान्सफॉर्मर, आणि हवा आपल्याकडची.

आधी हिशेब करू, कारण निवड त्यावरच ठरते. मिनरल ऑइल दर अंश सेल्सियसला साधारण ०.०००७५ पट फुगतं. टाकीत २०,००० लिटर तेल असेल आणि दिवसरात्रीत तेलाच्या सरासरी तापमानात १५ अंशांचा फरक पडत असेल, तर तेल रोज २२५ लिटर आकसतं आणि तेवढीच हवा आत ओढतं. पावसाळ्यात रत्नागिरीकडे ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे रोज जवळपास ६ ग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो, पण महिन्याला तो पावणेदोनशे ग्रॅम होतो. विदर्भात हिवाळ्यात २० अंश आणि ४० टक्के आर्द्रता धरली, तर हवेत घनमीटरला ७ ग्रॅमच पाणी भरतं. एकच ट्रान्सफॉर्मर, एकच ब्रीदर (आत येणारी हवा वाळवणारा जेलचा डबा), पण जागा बदलली की काम जवळपास चौपट होतं. त्यामुळे राज्यभर एकच स्पेसिफिकेशन चालवणं चूक आहे.

सौरऊर्जा प्रकल्पातला ट्रान्सफॉर्मर आणखी वेगळा. रात्री लोड शून्य, दुपारी पूर्ण. तापमानातला रोजचा फरक ३५ अंशांवर गेला, तर तेवढ्याच तेलासाठी ५२५ लिटर हवा आत-बाहेर होते. धुळ्यासारख्या कोरड्या समजल्या जाणाऱ्या भागातही जुलैमध्ये हे रोजचं १० ते ११ ग्रॅम पाणी होतं.

सिलिका जेलचा साधा ब्रीदर

स्वस्त, सोपा, आणि नीट ठेवला तर पाणी अडवण्यात चांगला. ऑक्सिजन मात्र अजिबात अडवत नाही. साध्या ब्रीदरवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आकारमानाने साधारण १० टक्के हवा विरघळलेली असते. ऑक्सिजन तेलात नायट्रोजनपेक्षा जास्त विरघळतो, त्यामुळे त्याचं प्रमाण २०,००० ते ३०,००० पीपीएमपर्यंत (दहा लाखात इतके भाग) जातं.

जेल वजनाच्या २० टक्के पाणी धरतं असं मानू. कोकणातल्या वरच्या उदाहरणात ५ किलो जेल कागदावर साडेपाच महिने पुरतं. दोन तृतीयांश रंग बदलला की जेल बदलायचं, या नियमाने पावणेचार महिने. सौर प्रकल्पात तेच जेल पावसाळ्यात दोन महिन्यांत संपतं. २.५ किलोचा ब्रीदर बसवून वर्षातून एकदा जेल बदलणार असाल, तर निम्म्याहून जास्त वर्ष तो ट्रान्सफॉर्मर उघडा श्वास घेतोय असंच धरा.

घेताना निळ्याऐवजी नारिंगी जेल मागा. निळ्यात कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते हाताळणाऱ्याच्या आरोग्याला घातक आहे. दोन सारखे ब्रीदर समांतर, प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह, म्हणजे एक काढला तरी दुसरा चालू राहतो. उंची छातीइतकी ठेवा. शिडी लावून बघावा लागणारा ब्रीदर कुणी बघत नाही.

रंग वाचता आला पाहिजे. जेलचा रंग खालून वर बदलत जायला हवा, कारण हवा खालून येते. वरचा थर आधी बदलला असेल, तर ब्रीदरच्या वरच्या पाइपात किंवा गॅस्केटमध्ये गळती आहे आणि हवा जेलला वळसा घालून जाते आहे. तिथे जेल बदलून काही साधत नाही, आधी जॉइंट शोधा. खालचा थर तपकिरी, चिकट झाला असेल, तर ऑइल कपमध्ये (ब्रीदरच्या तळाच्या तेलाच्या वाटीत) खुणेपेक्षा जास्त तेल भरलेलं आहे आणि ते वर ओढलं गेलं. तेल प्यायलेलं जेल भट्टीत घालून परत येत नाही, ते टाकूनच द्यायचं. कपात तेलच नसेल, तर जेल चोवीस तास बाहेरच्या हवेला उघडं राहतं आणि ट्रान्सफॉर्मरने श्वास न घेताही संपतं.

नव्या ब्रीदरच्या श्वासाच्या भोकावर वाहतुकीसाठी सील किंवा टेप असते. ती काढायची राहिली, तर तापल्यावर टाकीत दाब वाढतो आणि थंड होताना पोकळी होते. मग गॅस्केटमधून ओली हवा आत जाते, कधी टाकीतून वर जाणाऱ्या पाइपातला वायू ओळखणाऱ्या बुखोल्झ रिलेचा अलार्म येतो, कधी वाढलेला दाब सोडणारं प्रेशर रिलीफ डिव्हाइस उडतं. जुन्या ब्रीदरमध्ये हेच काम कुंभारमाशी करते. ती त्या भोकात मातीचं घर बांधते. तपासणीत जेलचा रंग बघतात तसं खालचं भोकही बघायला हवं.

साध्या ब्रीदरची एक उणीव कधी बोलली जात नाही. दुपारच्या पूर्ण लोडवर तापलेल्या ट्रान्सफॉर्मरवर वळवाची सर कोसळली की तेल झपाट्याने आकसतं आणि हवा जेलमधून भरकन जाते. वाळायला वेळच मिळत नाही, आणि हवा सगळ्यात ओली असते ती नेमकी त्याच वेळी.

स्वतः वाळणारा ब्रीदर

यात जेलच्या मधोमध हीटर असतो. सेन्सरने जेल ओलं झाल्याचं सांगितलं की हीटर लागतो, वाफ खालच्या धातूच्या जाळीदार फिल्टरमधून बाहेर पडते आणि जेल पुन्हा कोरडं होतं. ऑइल कप नसतो. मेस्कोचा एमट्रॅब हे यातलं जुनं, ओळखीचं नाव, आणि आता इतरही मिळतात. एका कप्प्याचं मॉडेल ट्रान्सफॉर्मर श्वास सोडत असतानाच वाळवू शकतं. दोन कप्प्यांचं मॉडेल एक वाळवत असताना दुसऱ्यातून श्वास घेतं. सौर प्रकल्पासाठी आम्ही दोन कप्प्यांचंच सुचवू.

जिथे माणूस महिन्यातून एकदा जातो, अशा उपकेंद्रासाठी ही वस्तू पैसे वसूल करते. पण 'मेंटेनन्स फ्री' या शब्दावर जाऊ नका. २३० व्होल्टचा स्टेशन सप्लाय गेला की हा साधा ब्रीदर होतो आणि त्यात जेल बेताचंच असतं. फॉल्टचा काँटॅक्ट कंट्रोल रूमपर्यंत किंवा स्काडापर्यंत (दूरवरून लक्ष ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेपर्यंत) ओढलेला नसेल, तर हीटर जळाल्याचं कुणालाच कळत नाही. चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या आसपास राखेने फिल्टर चोंदतो, तो दर सहा महिन्यांनी धुवावा लागतो. आणि ऑक्सिजन इथेही तसाच आत येतो.

एअर सेल

कॉन्झर्व्हेटरच्या (मुख्य टाकीच्या वरच्या, तेलाला फुगायला जागा देणाऱ्या छोट्या टाकीच्या) आत नायट्राइल रबराचा लेप असलेल्या कापडाची पिशवी. पिशवीच्या आतली बाजू ब्रीदरमार्गे बाहेरच्या हवेला जोडलेली, बाहेरची बाजू तेलाला टेकलेली. तेल वर-खाली होतं तशी पिशवी फुगते, मिटते. तेल आणि हवा भेटत नाहीत. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही अडवणारा आणि तरीही बुखोल्झ रिले कामाला ठेवणारा सगळ्यात चांगला पर्याय हाच. २२० केव्हीला आणि त्यावर तर याला दुसरा विचारच नको. १३२ केव्हीलाही आम्ही हाच घेऊ.

एक गैरसमज आधी दूर करू. एअर सेल बसवला म्हणून जेलचं काम कमी होत नाही. पिशवी तेवढीच हवा घेते आणि जेल तेवढ्याच वेगाने संपतं. फरक परिणामात पडतो: जेल संपलं तरी पाणी थेट तेलात न जाता पिशवीच्या आत साचतं आणि रबरातून फार हळू पाझरतं. त्यामुळे ब्रीदर आहे तसाच, त्याच आकाराचा हवा.

एअर सेलचं यश कमिशनिंगच्या त्या एका दिवसावर ठरतं. क्रम असा असावा. पिशवी बसवण्याआधी कॉन्झर्व्हेटरमध्ये उतरून आतल्या वेल्डिंगवरून हात फिरवा. वेल्डचा एखादा टोकदार थेंब राहिला असेल, तर पिशवी रोज त्यावर घासली जाईल. पिशवी कोरड्या हवेने किंवा सिलिंडरमधल्या नायट्रोजनने रेग्युलेटर लावून उत्पादकाने दिलेल्या दाबाला फुगवा. हा दाब बहुधा दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलोच्या आसपास असतो, म्हणजे जेमतेम एक मीटर पाण्याचा. गॅरेजमधला कॉम्प्रेसर थेट जोडला तर पिशवी फाटणारच. रात्रभर ठेवून दाब बघा, पण सकाळच्या गारव्यात दाब थोडा उतरतोच, ती गळती समजू नका. मग फुगवलेल्या पिशवीवर, कॉन्झर्व्हेटरच्या माथ्यावरचे एअर रिलीज प्लग उघडे ठेवून, तेल खालून सावकाश भरा. दोन्ही टोकांच्या प्लगमधून बुडबुड्यांशिवाय तेल आलं की प्लग बंद करायचे. त्यानंतर पिशवीतला दाब सोडून, ब्रीदर लावून, तेल त्या दिवसाच्या तापमानाच्या खुणेपर्यंत खाली घ्यायचं. पिशवी आणि पत्रा यांच्यामध्ये हवा अडकून राहिली, तर ती पुढे तेलात विरघळत राहते आणि पिशवीचा खर्च वाया जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक इक्वलायझिंग व्हॉल्व्हची. व्हॅक्यूम लावताना पिशवीच्या आत आणि बाहेर सारखा दाब राहावा म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतात. काम झाल्यावर तो बंद करायचा असतो. राहिला उघडा, तर पिशवीला वळसा घालून हवा थेट तेलावर येते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, जेलचा रंग बदलत राहतो, तेलाची पातळी बरोबर दाखवते. एअर सेल आहे असं नेमप्लेट सांगते, आणि तेल साध्या ब्रीदरवर चालल्यासारखं जुनं होत जातं. या व्हॉल्व्हला कुलूप लावायची सोय आणि 'चालू असताना बंद' अशी मराठीत रंगवलेली पाटी टेंडरमध्येच मागा.

पिशवी फाटली तर काय होतं? तेल आत शिरतं, पिशवी जड होऊन खाली बसते. एमओजीचा (तेलाची पातळी दाखवणाऱ्या मॅग्नेटिक ऑइल गेजचा) फ्लोट तिच्याखाली दबतो आणि पातळी खोटी दाखवतो. त्याहून वाईट म्हणजे बसलेली पिशवी बुखोल्झकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड झाकते. थंड होताना टाकीला तेल मिळत नाही, पोकळी तयार होते, गॅस्केटमधून हवा शिरते आणि बुखोल्झवर ट्रान्सफॉर्मर ट्रिप होतो. म्हणून त्या तोंडावर जाळीचं संरक्षक टोपण हवंच. फ्लोटच्या दांड्याचं टोकही गोल असायला हवं, नाहीतर तोच पिशवीला भोक पाडतो.

फाटलेली पिशवी ओळखायचे मार्ग तीन. पहिला, शटडाउनमध्ये ब्रीदरचा पाइप सोडून, माथ्यावरच्या झाकणातून टॉर्चने पिशवीच्या आत बघायचं आणि काठीला पांढरं फडकं बांधून तळ टिपायचा. तेल लागलं तर पिशवी गेली. दुसरा, पिशवी फाटल्याचा इशारा देणारा एअर सेल रप्चर रिले. तो उपयोगी आहे, पण कमिशनिंगच्या वेळी त्यातली हवा काढली नाही तर पहिल्या दिवसापासून खोटा अलार्म देतो, आणि मग कुणीतरी त्याची वायर सोडून ठेवतो. तिसरा आणि सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे डीजीएच्या (तेलात विरघळलेल्या वायूंच्या चाचणीच्या) रिपोर्टमधला ऑक्सिजनचा आकडा, ज्याकडे ॲसिटिलीन (आत आर्क झाल्याची खूण असलेला वायू) शोधताना कुणाचं लक्ष जात नाही. नीट डीगॅस केलेल्या (तेलातले वायू काढून टाकलेल्या), बंद ट्रान्सफॉर्मरमध्ये ऑक्सिजन दोन-तीन हजार पीपीएमच्या आत राहायला हवा. वर्ष-दोन वर्षांत तो १५,०००कडे गेला, तर पिशवी तरी फाटली आहे किंवा तो व्हॉल्व्ह उघडा आहे. ऑक्सिजन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर ०.२च्या वर गेलं, तरी हाच संशय घ्या. सॅम्पल काचेच्या सिरिंजमध्येच घ्यायचं. बाटलीत घेतलेल्या सॅम्पलमध्ये बाटलीतली हवाच मोजली जाते.

एअर सेलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड साध्या ब्रीदरपेक्षा जास्त दिसतील. तिथे वायू हवेत निघून जायचा, इथे तो साठतो. शेजारच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरशी आकडे ताडून घाबरायचं कारण नाही. त्याच ट्रान्सफॉर्मरचे मागचे आकडे बघा.

आमचं मत स्पष्ट आहे: एअर सेल हा उत्तम पर्याय आहे, पण वर्षातून एकदा पिशवी तपासणार असाल तरच. ब्रीदर आपलं दुखणं रंगातून रोज दाखवतो. पिशवी ते लपवते.

नॅचरल एस्टर (वनस्पतीजन्य) तेल घेणार असाल, तर साधा ब्रीदर चालतच नाही. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं. एअर सेल किंवा पूर्ण सीलबंद टाकी, एवढेच पर्याय उरतात.

डायफ्राम, नायट्रोजन आणि सीलबंद टाकी

डायफ्राममध्ये कॉन्झर्व्हेटरचे दोन अर्धे भाग असतात आणि मधल्या फ्लँजमध्ये रबराचा पडदा आवळलेला असतो. काम एअर सेलसारखंच. पण एवढा लांब फ्लँज काही वर्षांत पाझरू लागतो, पडदा बदलायला वरचा अर्धा भाग क्रेनने उचलावा लागतो, आणि ब्रीदरकडे दुर्लक्ष झालं तर पडद्यावर पाण्याचं तळं साचतं. नवीन घेताना टाळावा.

नायट्रोजनची पद्धत अमेरिकेत रुजलेली आहे. कॉन्झर्व्हेटर नसतो. टाकीतच तेलावर नायट्रोजनची जागा ठेवतात आणि सिलिंडर व रेग्युलेटरच्या पेटीतून तिथे थोडा दाब राखतात. ऑक्सिजन अडवण्यात उत्तम. पण दाबाखाली तेलात भरपूर नायट्रोजन विरघळतो, आणि तेल झटकन थंड होऊन दाब उतरला की तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. वाइंडिंगजवळ बुडबुडे नकोतच. बुखोल्झ लावता येत नाही, त्याऐवजी सडन प्रेशर रिले लागतो. टाकी उंच होते. आणि एका बारीक गळतीने सिलिंडर रिकामा होतो, तो भरून आणायची सोय तालुक्याच्या उपकेंद्रात नसते. आपल्याकडे नव्या खरेदीसाठी आम्ही ही पद्धत सुचवत नाही. टेंडर वाचताना एक गोंधळ टाळा: नायट्रोजन इंजेक्शनची अग्निशमन यंत्रणा ही वेगळी वस्तू आहे, तिचा तेल वाचवण्याशी काही संबंध नाही.

सीलबंद कोरुगेटेड टाकी डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरसाठी छान. पत्र्याच्या पातळ घड्याच तेलाबरोबर फुगतात, ब्रीदरच नाही. सोसायटीतल्या, मॉलमधल्या ११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला यापेक्षा बिनकटकटीचं काही नाही. फक्त भरायचं झाकण उघडायचं नाही, सारखं सॅम्पल काढायचं नाही, आणि ट्रकवरून उतरवताना घडीला धक्का बसू द्यायचा नाही. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं फुगणं या घड्यांना पेलत नाही.

काय घ्यावं

३३ केव्ही, ५ ते १० एमव्हीए, घाटमाथ्याच्या पूर्वेला, ऑपरेटर रोज असतो: ५ किलोचे दोन साधे ब्रीदर. हाच ट्रान्सफॉर्मर कोकणपट्टीत किंवा गोव्यात असेल, तर एअर सेल घ्या. ते बजेटमध्ये बसत नसेल, तर किमान स्वतः वाळणारा ब्रीदर. सौर प्रकल्पाच्या मुख्य ट्रान्सफॉर्मरला एअर सेल आणि त्यावर दोन कप्प्यांचा स्वतः वाळणारा ब्रीदर, दोन्ही.

साखर कारखान्याची गोष्ट वेगळी लिहायला हवी. गाळप संपलं की को-जनरेशनचा ट्रान्सफॉर्मर एप्रिल-मेपासून दिवाळीपर्यंत थंड पडून असतो, म्हणजे अख्खा पावसाळा. थंड तेल फार पाणी विरघळवू शकत नाही. २० अंशांना ५५ पीपीएमच्या आसपास त्याची मर्यादा येते. पाणी मग कागदात आणि तळाशी जातं. हंगामाच्या आधी घेतलेलं थंड सॅम्पल पीपीएममध्ये चांगलं दिसतं आणि फसवतं. इथे एअर सेल घ्या, किंवा ट्रान्सफॉर्मर बंद काळातही विनालोड चार्ज ठेवा आणि जेलची नोंद दर आठवड्याला चालू ठेवा. बॉयलर पेटवण्याआधी सॅम्पल घ्यायचंच, पण ट्रान्सफॉर्मर दोन-चार दिवस गरम राहिल्यावर पुन्हा एक घ्या.

ओएलटीसीचा (लोड चालू असताना व्होल्टेज बदलणाऱ्या टॅप चेंजरचा) कॉन्झर्व्हेटर नेहमी वेगळा हवा, त्याचा ब्रीदरही वेगळा. तेलात आर्क होणाऱ्या डायव्हर्टरचे (टॅप चेंजरमधल्या स्विचचे) वायू बाहेर जायला वाट हवी, म्हणून तिथे साधा ब्रीदरच. एकाच कॉन्झर्व्हेटरमध्ये मधली भिंत वरून उघडी असेल, तर ते वायू मुख्य तेलात उतरतात आणि डीजीएमध्ये नसलेला दोष दिसतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मरला एअर सेल नंतर बसवता येतो, पण कॉन्झर्व्हेटरचं एक टोक बोल्टचं असायला हवं, आतली मापं घ्यायला हवीत आणि एमओजी बदलायला हवा. त्याआधी तेल व्हॅक्यूमखाली डीगॅस करा आणि कागद ओला असेल तर वाळवा. पिशवी बाहेरचं पाणी अडवते, आतलं काढत नाही. ७२.५ ते १७० केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेलातलं पाणी ३० पीपीएमच्या वर असताना पिशवी बसवणं म्हणजे ओलावा आत कोंडणं.

टेंडरमध्ये आणखी दोन ओळी टाका. पिशवीवर उत्पादनाची तारीख छापलेली असावी आणि पुरवठ्याच्या दिवशी ती एका वर्षापेक्षा जुनी नसावी. सुटी पिशवी घेतलीत, तर ती घडी घालून स्टोअरच्या रॅकवर दाबून ठेवू नका, घडीच्या रेषेवरच रबर चिरतं. सैल गुंडाळी करून, पावडर लावून, उन्हापासून दूर ठेवा आणि बसवण्याआधी पुन्हा फुगवून बघा.